गुटगुटीचं पान

बाई,

काल इथे वाशीमला, रिसोडच्या रस्त्यावरच्या नर्सरीत मी भांडून आले. भांडून म्हणजे काय, माझ्या वयाच्या बाईचं भांडण लोक हसून घेतात. धाकट्या सुनेला तिच्या अकोल्याच्या घरी दारात ठेवायला जेड हवं होतं. हल्ली त्याला जेड म्हणतात, आणि ते दारात असलं की घराची भरभराट होते असंही म्हणतात. खरं तर तिनं आमच्या घरच्याच झाडाचं एक पान मागितलं होतं. ते मी दिलं नाही, नवीन घेऊन देते म्हणाले. का दिलं नाही ते पुढे सांगते. नर्सरीवाल्या पोरीनं चार कुंड्या पुढे ओढल्या. "आजी, हे जेड हाये, हे बी जेड, हे बारक्या पानाचं जेड, अन् हे लाल कडेवालं. घ्या ना, कायले एवढा इचार करून राह्यल्या?" मी खाली बसले. पहिलं खरंच जेड होतं. दुसऱ्याची पानं नळीसारखी गुंडाळलेली, टोकाला तुतारीच्या तोंडासारखा खळगा. तेही त्याच घरचं, फक्त रूप निराळं. चौथ्याची लाल कड ही जात नव्हे, ऊन होतं. सावलीत नेलं की महिन्याभरात हिरवं होईल. तिसऱ्याचं मात्र खोड लालसर, फांद्या सडपातळ, पानं करंगळीच्या नखाएवढी. मी एक पान खुडून तोंडात टाकलं. ती पोर ओरडली, "अवं आजी, खाता काय!" आंबट लागलं. मी म्हटलं, हे जेड नाही, हे घोळीच्या घरचं आहे, पाटी बदल. ती म्हणाली, गावात सगळे ह्यालेच जेड म्हणतात. मग आमची जुंपली. शेवटी तिनं हात जोडले आणि विचारलं, "तुमाले एवढं कोनं शिकवलं?" मी म्हटलं, आमच्या बाईंनी. मी रिकाम्या हातीच घरी आले. आज सकाळी चहा घेतला आणि वहीची पानं फाडून हे लिहायला बसले. तुम्ही गेलात तेव्हा जेवढ्या होतात त्याहून मी आता खूप म्हातारी आहे, तरी तुम्हाला लिहिताना अक्षर नीट काढते आहे.

मी तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अठराची होते आणि पायातल्या वहाणा नव्या असल्यामुळे लंगडत होते. मानोऱ्याची आपली मुलींची शाळा म्हणजे कवेलूच्या छपराच्या दोन खोल्या आणि पुढे एक पडवी. चार वर्ग आणि शिकवायला आपण दोघी. तुम्ही मोठ्या बाई, मी धाकटी. मी गावातल्याच शेतकऱ्याची पोर, सातवीची फायनल पास झाले म्हणून थेट खुर्चीवर बसलेली. तुम्ही अमरावतीकडच्या, शाळेमागच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या, मोजकं बोलणाऱ्या. मुली तुम्हाला घाबरायच्या आणि मी मुलींपेक्षा जास्त घाबरायची. पडवीत तुमच्या कुंड्या होत्या. कुंड्या कसल्या, रॉकेलचे अर्धे कापलेले डबे आणि फुटके माठ. त्यांत गुलाब नाही, मोगरा नाही. कोरफड, घायपाताचं पिल्लू, पानफुटी, शेर, सबरकांड, चिनी गुलाब, जे म्हणून जाड आणि पाणीदार असेल ते. गावात म्हणायचे, "ह्या बाईनं माळरान पाळलं." प्रत्येक कुंडीत पत्र्याची पाटी आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव. आणि अगदी कोपऱ्यात, माठाच्या बुडात, हातभर उंचीचं एक झाड, गुळगुळीत हिरवी, अंगठ्याएवढी फुगीर पानं असलेलं. त्याच्या पाटीवर लिहिलं होतं, गुटगुटी. हे नाव मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, आणि तुम्हाला विचारायची माझी छाती नव्हती.

झाड कसं ओळखायचं हे तुम्ही मला शिकवलं, मुलींना शिकवता शिकवता. आधी पान मोडून पाहायचं. पांढरा चीक आला की तो शेराच्या घरचा, मग पुढचं काही विचारायचं नाही, हात धुवायचे आणि ते बोट डोळ्याकडे न्यायचं नाही. नुसतं पाणी आलं तर जवळ बसायचं. खोडाचा रंग पाहायचा, पेर पाहायचं, पानं समोरासमोर आहेत का ते पाहायचं. कोरफडीचं पान मोडतं आणि आत गर असतो. घायपाताचं मोडत नाही, त्यात दोर असतो. बकरी तोंड लावते का हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायचं, कारण बकरी पुस्तक न वाचताही चुकत नाही. आणि अगदी शेवटी, बाकी सगळं जुळलं तरच, जिभेच्या टोकाला लावून थुंकायचं. गुटगुटीचं पान तुम्ही असंच एकदा मला चाखायला दिलं होतं. तुरट, मागून कडू. मी तोंड वाकडं केलं आणि तुम्ही पहिल्यांदा माझ्यासमोर हसलात.

तुमची बोलणी मी एकदाच खाल्ली, पण ती पोटात राहिली. तांड्यावरून येणारी एक मुलगी माळावरून जाडसर, चौकोनी, पान नसलेली काडी घेऊन आली आणि म्हणाली, बाई, हे काय आहे? मला ठाऊक नव्हतं. पण मी खुर्चीवर होते, वहाणा नव्या होत्या, आणि पाऊणशे मुली पाहत होत्या. मी ठोकून दिलं, शेराचं पिल्लू आहे, विषारी, फेकून दे. ती पोर गोंधळली. "बाई, आमी तं खातो हे. माय कच्चंच देते." सगळा वर्ग खिदळला. ती माकडशिंग होती. शाळा सुटल्यावर तुम्ही मला थांबवलंत. आवाज चढवला नाही. "माहीत नसलं तर माहीत नाही म्हणावं. त्यानं मास्तरीण लहान होत नाही. चुकीचं नाव एकदा सांगितलं की मग ते निस्तरता येत नाही." मी मान खाली घालून घरी गेले आणि आईला म्हटलं, ही बाई मले पाह्यल्याबरोबर चिडते. तसं काही नव्हतं हे मलाही कळत होतं.

मग ती पहिली उन्हाळ्याची सुट्टी. पोहऱ्याची रामनवमीची जत्रा होऊन गेली होती, गावातले निम्मे लोक कामाला बाहेर पडले होते आणि विहिरींना दोर पुरत नव्हते. तुम्ही बहिणीकडे अमरावतीला निघालात आणि कुंड्या माझ्या घरी ठेवल्यात. मला, बाई, कोण आनंद झाला होता. तुम्ही सांगितलंत, "काही करायचं नाही. आठ दिवसांत एकदा, माती पार सुकली की पेलाभर पाणी. त्याहून जास्त नको." मी हो म्हटलं. पण घरी आल्यावर आई म्हणाली, "अवं, त्या भिडेनं बोलल्या. आपल्या घरी पान्याचे हाल हायेत हे पाह्यलं त्याईनं. पाहुना थोडंच वाढा म्हंते, मंग आपन थोडंच वाढतो काय?" मला ते पटलं. आमच्याकडे कोणी शब्दावर जात नाही. कुणी नको म्हटलं की तीनदा आग्रह करायचा, आणि जो खरंच नको म्हणतो त्यालाही वाढायचं. आणि वैशाख लागला होता. वैशाखात आमच्या अंगणात तुळशीवर गळती लागते. तीन काठ्या उभ्या करून त्यांवर बुडाला भोक पाडलेलं मडकं, भोकात कापसाची वात, आणि रात्रंदिवस थेंब थेंब पाणी. तहानलेल्या झाडाला पाणी पाजण्याएवढं पुण्य नाही असं आई म्हणायची. मीच तिला विचारलं, "तुयशीले लावतो, तं बाईच्या झाडाले काहून नाई?" आई खूश झाली. कोरफडीला, शेराला नाही लावली. ती आम्हाला रानातली वाटायची, त्यांचं त्यांनी पाहावं. गुटगुटी तेवढी घरंदाज दिसायची. म्हणून तुळशीच्या शेजारी तिला ठेवली, आणि तिच्यावर दुसरी गळती बांधली. रोज सकाळी मी दोन फर्लांगांवरून घागर आणत होते आणि ती दोन मडकी भरत होते. खांदा दुखायचा तरी बरं वाटायचं.

पहिले काही दिवस पानं अशी टरारली की मी शेजारणीला बोलावून दाखवली. मग एका सकाळी खालची पानं भिजलेल्या साबुदाण्यासारखी पारदर्शक दिसली. मला वाटलं, ऊन लागलं. मी मडकं आणखी जरा खाली बांधलं. पुढे दोन दिवसांत हात लावला की पान गळायचं, आणि खोड बुडाशी पिकल्या केळ्यासारखं मऊ झालं, त्याला वास यायला लागला. आई म्हणाली, "नजर लागली." ज्या दिवशी ते आडवं झालं त्या दिवशी मी त्याच्यापाशी बसून रडले, आणि रडत असतानाच माझ्या डोक्यात दुसराच विचार चालू होता, की बाई परत येतील तेव्हा मी काय सांगू. शेंड्याकडचं एक पान तेवढं अजून घट्ट होतं. ते मी खुडून घेतलं. पानातून झाड होतं असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. कान तुटलेल्या कपात वाळू आणि राख घातली, वर ते पान ठेवलं, आणि कप चुलीमागच्या खिडकीत ठेवला. त्याला पाणी दिलं नाही. तेवढी अक्कल आता आली होती.

त्याच महिन्यात मावशीच्या घरी लग्न होतं, आपल्याकडच्या जैनांच्या शिरपूरला. वऱ्हाडाबरोबर मी गेले आणि दुसऱ्या दिवशी देऊळ पाहायला निघाले. देवळाजवळच्या धर्मशाळेच्या ओट्यावर मला गुटगुटी दिसली. बाई, मी खरंच सांगते, मला ती गुटगुटीच दिसली. पानं लहान होती, पण मी म्हटलं उन्हानं आकसली असतील. खोड लाल होतं, मी म्हटलं शिरपूरची माती लाल असेल. माणसाला हवं ते दिसतं, तसं मला दिसलं. तिथला म्हातारा रखवालदार म्हणाला, "न्या न बाई, कायले लाजता? कोन्या यात्रेकरूनं आनून ठेवलं होतं. ह्याले कोनी इचारत नाई. बकऱ्या तेवढ्या येऊन खाऊन जातात." बकऱ्या खातात हे त्यानं मला तोंडावर सांगितलं होतं, आणि ऐकूनही मी ऐकलं नाही. त्यानं अख्खं झाड मुळासकट काढून ओल्या फडक्यात बांधून दिलं. मी ते मांडीवर घेऊन मोटारीतून आले. तुमच्या माठात तुमचीच माती वाळवून भरली, झाड लावलं, आणि पाटी होती तिथे खोचली. मागे सरून पाहिलं. मला काही फरक दिसेना.

शाळा उघडली त्या दिवशी मी कुंड्या पडवीत मांडून उभी होते. तुम्ही एकेक पाहत आलात. गुटगुटीपाशी तुम्ही थांबलात, वाकलात, खोडाला बोट लावलं. तुम्ही म्हणालात, "सगळी नीट राहिली. त्रास झाला असेल तुला." बस्स, एवढंच. मग ती पाटी उपटून पदराला पुसलीत आणि म्हणालात, "ही गंजली आहे." पाटी घेऊन तुम्ही खोलीत गेलात. नवी पाटी तुम्ही लावली नाही. मी स्वतःला सांगितलं, गंजलीच असेल. चार दिवसांनी शेजारची बकरी पडवीत शिरली आणि सगळ्या कुंड्या सोडून त्या एका झाडाचा निम्मा शेंडा खाऊन गेली. मी काठी घेऊन धावले. तुम्ही खिडकीत उभ्या होतात. "राहू दे," तुम्ही म्हणालात. "बकरीला बरं कळतं." मी तेव्हा हसले, आणि घरी गेल्यावर मला जेवण गेलं नाही. ती बकरी त्या पडवीत आधीही कितीदा आली होती, पण गुटगुटीला तिनं कधी तोंड लावलं नव्हतं.

मग आषाढात तुम्ही तो धडा घेतलात. टेबलावर ते झाड आणि शेजारी रानातली घोळ. मुलींना म्हणालात, सांगा बरं, ह्यांचं नातं आहे की नाही? मुली म्हणाल्या, नाही, ते झाड आहे आणि ही भाजी. तुम्ही दोन्हींची खोडं दाखवलीत, लालसर. पान मोडलंत, पाणी आलं. मग घोळीचं एक पान आणि झाडाचं एक पान माझ्या हातावर ठेवलंत. "बाई, तुम्ही चाखून सांगा." वर्गात तुम्ही मला नेहमी अहो-जाहो करायच्या. मी चाखलं. दोन्ही आंबट. तुरट नाही, कडू नाही. मी म्हटलं, "आंबट आहे." तुम्ही मुलींना म्हणालात, "पाहा, बाईंनी बरोबर सांगितलं. दिसण्यावर जायचं नाही." माझ्याकडे तुम्ही पाहिलंही नाही. त्या दिवशी मला पक्कं कळलं की मी काय आणून ठेवलं आहे. तुम्हालाही ते कळलं आहे, हे मात्र मी स्वतःला कळू द्यायचं नाही असं ठरवलं.

आणि मग श्रावणातली ती दुपार. शाळा अर्धी होती. तुमच्या खोलीत चुलीवर डाळ शिजत होती आणि आपण दोघी सुपात घोळ निवडत होतो. पाऊस थांबून थांबून पडत होता. पडवीतलं ते झाड दारातून दिसत होतं. तुम्ही एकदम म्हणालात, "ते गुटगुटी नाव कुठलं, तू कधी विचारलं नाहीस." मी सुपातली एक काडी मोडली. "माझ्या मुलीनं ठेवलं होतं." मला तुम्हाला मुलगी होती हेच ठाऊक नव्हतं. तुम्ही निवडता निवडता सांगत होतात, आवाजात काही नाही. अमरावतीला एका डॉक्टरीणबाईंच्या बंगल्यात असं झाड होतं. सहा वर्षांची पोर तिथून एक गळलेलं पान उचलून आली. ह्याचे गाल किती गुटगुटीत आहेत म्हणाली, आणि तुम्ही नको म्हणत असताना ते मातीवर ठेवलं. पान कुठे उगवतं का, म्हणून तुम्ही हसलात. त्याला मूळ फुटलं. त्याच पावसाळ्यात ती तापानं गेली. "बदली झाली की कुंडी मांडीवर घेऊन जायचे," तुम्ही म्हणालात. मग तुमचे हात थांबले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. बाई, तुम्ही वाट पाहत होतात. आता मला ते इतकं स्पष्ट दिसतं की मी डोळे मिटले तरी तुमची ती नजर तशीच असते. रागाची नव्हती. मी बोलावं म्हणून दार उघडून धरलं होतं तुम्ही. आणि त्या वेळी आमच्या घरी, चुलीमागच्या खिडकीत, कान तुटलेल्या कपात, तुमच्या मुलीच्या झाडाच्या पानाला दोन इवली पानं फुटलेली होती. मला उठून धावत जाऊन तो कप आणता आला असता. पाच मिनिटांचा रस्ता. मी म्हटलं, "डाळ उतू जाऊन राह्यली, बाई." तुम्ही उठून झाकण काढलंत.

का आणला नाही मी तो कप? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तो लहान होता, दोन पानांचं काय न्यायचं, जरा मोठं होऊ दे, मग नेऊ. पुढच्या वर्षी ते बोटभर झालं, तेव्हा वाटलं वीतभर होऊ दे. पण खरं कारण वेगळं होतं. तो कप नेणं म्हणजे सगळं कबूल करणं होतं. सुरुवातीला एका चुकीची लाज होती, मग त्यावर खोटेपणाची, आणि त्यावर गप्प बसण्याची. शिवाय मला त्या झाडाचा लोभ सुटला होता, हेही लिहिते. सकाळी चूल पेटवायच्या आधी मी त्याला पाहायची. माझ्या हातानं मेलेलं माझ्याच हातानं उगवत होतं आणि मला त्यात फार बरं वाटत होतं.

ज्या वर्षी आपण मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही नोकरी सोडून बहिणीकडे राहायला निघालात. तब्येत उतरली होती. सगळ्या कुंड्या तुम्ही मुलींना वाटून टाकल्यात. निघायच्या सकाळी मी ठरवून उठले. कप पदराखाली घेतला. झाड आता वीतभर होतं, चार फांद्यांचं. मोटार स्टँडवर अर्धं गाव जमलं होतं. तांड्यावरची ती माकडशिंगवाली मुलगी तिच्या मायला घेऊन आली होती. मी गर्दीतून पुढे झाले, तर तुम्हीच माझ्याकडे आलात. तुमच्या हातात तो माठ होता, शिरपूरचं झाड असलेला. "हे तू ठेव." मला तो घ्यायला दोन्ही हात लागणार होते. मी मागे वळून कप हॉटेलाच्या ओट्यावर ठेवला आणि माठ घेतला. मातीत नवी पाटी खोचलेली होती. तुम्ही म्हणालात, "पाटी वाचून घे. नाव आता बरोबर आहे." मी वाचलं. तुमच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, घोळझाड. मी वर पाहिलं तर तुम्ही मोटारीची पायरी चढत होतात. कंडक्टरनं दार आपटलं. तुम्ही खिडकीतून मुलींना हात केलात, मलाही केलात. मी माठ छातीशी धरून उभी, आणि कप माझ्या मागे ओट्यावर. ओरडले असते तर मोटार थांबली असती, ड्रायव्हर गावातलाच होता. धूळ बसली तेव्हा आई म्हणाली, "कायले रडतं वं, बाई काई मेल्या नाई." तिला वाटलं मी तुमच्यासाठी रडते.

चार वर्षांनी तुम्ही गेल्याचं, कोपरा फाडलेलं कार्ड आलं, तुमच्या बहिणीचं. सुटीत मी अमरावतीला गेले. त्यांनी तुमची ट्रंक दाखवली, दोन लुगडी, पुस्तकं, आणि फडक्यात गुंडाळलेली गुटगुटीची पाटी. पाटी मुळीच गंजलेली नव्हती. बहीण म्हणाल्या, हवी असेल तर घेऊन जा. मी नाही घेतली. ती मागायला मला तोंड नव्हतं.

आता घरच्या झाडांचं सांगते. घोळझाड आमच्या दारात आहे, त्याच्या फांद्या मी मागेल त्याला देते. निम्म्या आळीत ते आहे आणि सगळे त्याला जेड म्हणतात, मी दुरुस्त करून थकले. खरं जेड म्हणजे गुटगुटी, ती मागच्या अंगणात आहे, उंच ओट्यावर, तिथे पाणी साचत नाही. खोड माझ्या मनगटाहून जाड झालंय. तिचं पान मी आजवर कोणाला दिलं नाही. आई मागता मागता गेली, लेकीनं मागितलं, काल सुनेनं मागितलं. जे माझं नाही ते वाटायचं कसं, असं मनाला सांगायची. पण घेताना तो विचार आला नव्हता. आज हे लिहिता लिहिता उठून मी मागे गेले. खाली एक पान गळून पडलं होतं, घट्ट, गालासारखं. ते आणून वहीशेजारी ठेवलं आहे. सून उद्या सकाळच्या गाडीनं जाईल, तेव्हा तिला देईन, आणि पाणी घालू नकोस म्हणून तीनदा बजावीन. नर्सरीतलं झाड नर्सरीतच राहू दे.

ती विचारेल, आई, हे तुम्हाला कोणी दिलं होतं? आजवर ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना मी पुढचं झाड दाखवलं आणि मागचंही दाखवलं, आणि दोन्हींपाशी उभी राहून एकच उत्तर दिलं, आमच्या बाईंनी. बाई, त्यातलं एकच तुम्ही दिलं होतं.